तळेकोंडचा नामंजूर थांबा

मी रेल्वेत होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी खुर्ची पुढे ओढतो आणि मग विचारतो, "गणपतीची दोन तिकिटं कन्फर्म होतील का हो?" माझं खातं तिकिटांचं नव्हतं म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "मग इंजिन चालवायचात?" तेही नाही. "स्टेशन मास्तर?" नाही. इथे खुर्ची पुन्हा मागे जाते. मी रुळांचा माणूस. लोकांना रूळ आठवतात ते गाडी घसरल्यावर, आणि त्या वेळी ते आमच्या आईवडिलांचीही आठवण काढतात. एरवी आम्ही कोणाच्या खिजगणतीत नसतो. आमच्या सौ. मिरकरवाडा बंदरावर मासळी घेताना "आमचे हे रेल्वेत" एवढंच सांगतात, पुढचं कोळणीच्या कल्पनेवर सोडतात.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा रंजक" असं सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं आणि धडकीही भरली. रुळात रंजक काय असणार? दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्याखाली सिमेंटचे स्लीपर, स्लीपरखाली खडी. ही खडी शोभेची नसते. गाडीचं वजन ती पसरवते, रुळांना हलू देत नाही आणि पावसाचं पाणी खाली जाऊ देते. खडीत चिखल भरला की रूळ गाडीखाली वरखाली व्हायला लागतो. वळणावर बाहेरचा रूळ जरा उंच ठेवतात, म्हणजे गाडी आतल्या बाजूला कलते, सायकलवाला कलतो तशी. उन्हात रूळ वाढतो, थंडीत आखडतो, त्याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. एवढं करून एकदा टाकला की झालं असं नाही. रोज कोणीतरी त्यावरून चालत जाऊन तो बघावा लागतो. हे काम कीमनचं, म्हणजे आमच्या भाषेत चावीवाल्याचं. खांद्यावर हातोडा, कमरेला झेंडे. सैल झालेली क्लिप ठोकायची, गाडी आली की बाजूला उभं राहून ती नीट जातेय ना ते पाहायचं.

आणि डोंगर कापून लाइन नेली असेल तर वर मान करूनही चालायचं. त्या कापलेल्या जागेला आम्ही कटिंग म्हणतो. कोकणी माणसाला फणसाची उपमा देण्याची पद्धत आहे. ती देणाऱ्याने आमची कटिंगं पाहिलेली नसावीत. वर कडक जांभा, आणि पोटात गरे नाहीत, साबणासारखी माती. पाणी शिरलं की ती माती जांभ्याला घेऊन खाली येते. म्हणून डोंगराच्या माथ्यावर गटार काढून पाणी बाजूला न्यायचं. रुळाच्या साहेबाची निम्मी नोकरी पाण्याची वाट वळवण्यात जाते. माझी उरलेली निम्मी माणसांची वाट वळवण्यात गेली.

खेडच्या पुढे, चिपळूणच्या अलीकडे, तळेकोंड नावाची वाडी आहे. लाइन तिच्या पायथ्याने वळण घेऊन कटिंगमधून जाते. घरं वर, रूळ खाली. तिथला एक उतार एका पावसाळ्यात थोडासा ओघळला. रुळावर काही आलं नाही, पण आम्ही नियमाप्रमाणे वेगमर्यादा लावली. म्हणजे अलीकडे पिवळा बोर्ड, त्यावर आकडा, आणि ड्रायव्हरच्या हातात मागच्या स्टेशनवर सूचना. धाडधाड येणारी मुंबईची गाडी तळेकोंडच्या वळणावर बैलगाडीच्या चालीने जायला लागली.

आता तळेकोंडमध्ये घरटी एकदोन माणसं मुंबईला. गणपतीला यायचं तर खेडला उतरा, डेपोत जा, एसटीची वाट बघा, फाट्यावर उतरा, सामान डोक्यावर घेऊन चढण चढा. आणि इथे गाडी तुमच्या परसाखालून रेंगाळत चाललीय, वरून चुलीचा धूर दिसतोय. कोणीतरी पहिला उतरला. तो कोण यावर वाडीत आजही वाद आहे, कारण मान मोठा आहे. दुसऱ्या वर्षी अर्धी वाडी उतरली. तिसऱ्या वर्षी पाहतो तर उतारावर सुबक पायऱ्या खोदलेल्या. माथ्यावरचं आमचं गटार आडवं येत होतं, ते दगडमातीने बुजवून त्यावर वाट केलेली. बाजूला दमल्या माणसाला बसायला जांभ्याचा चिऱ्याचा ओटासुद्धा.

गटार बुजलं म्हणून पाणी उतारात मुरायला लागलं. पाणी मुरलं म्हणून उतार जास्त खराब झाला. उतार खराब म्हणून वेगमर्यादा कायम. गाडी हळू म्हणून माणसं उतरतात, आणि माणसं उतरतात म्हणून पायऱ्या दरवर्षी रुंद होतात. मी डिप्लोमाला असताना असं काही शिकवलं नव्हतं.

उतरणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापेक्षा वाईट म्हणजे ते जिवावरचं आहे. चालत्या गाडीतून खडीवर पाय टाकला की खडी सरकते आणि माणूस चाकाच्या दिशेने जातो. मला झोपेतही ते चित्र दिसायचं. माझ्या हद्दीत कोणी गाडीखाली जाऊ नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती. मी बोर्ड लावले. वाडीने बोर्डाचा उपयोग छत्र्या अडकवायला केला. माझा तिथला चावीवाला पाष्टे हा तळेकोंडचाच. त्याची जमीन लाइनीत गेली म्हणून त्याला नोकरी लागलेली. त्याला मी सांगितलं, उतरेल त्याला अडव. त्याने पहिल्यांदा अडवलं ते आपल्या चुलत्याला.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हनार सायेब? ते बोलले, पाष्ट्या, झेंडा खाली ठेव आनि ही पेटी धर."

"आणि तू धरलीस?"

"जड व्हती वो," पाष्टे म्हणाला.

एका दसऱ्याला तर कमाल झाली. ड्रायव्हर लोकांनी तक्रार केली की तळेकोंडचा वेगाचा आकडा वाचता येत नाही. जाऊन बघतो तर पिवळ्या बोर्डाला झेंडूचं भरघोस तोरण, आकड्यावर हळदकुंकू, खाली नारळ फोडलेला. वाडीने शस्त्रं आणि अवजारं पूजली होती, त्यात आमचा बोर्डही पूजला होता. मी रागावलो तर गावकर तात्या, म्हणजे वाडीचे मुख्य मानकरी, मलाच समजुतीच्या सुरात म्हणाले, "सायेब, ज्याच्यामुळं पोरं घरी येतात त्याला हळदकुंकू लावायचं नाय तं कुनाला लावायचं?" मी नारळाचा प्रसाद घेऊन परत आलो.

पुढारीही मागे राहिले नाहीत. मोठे साहेब तपासणीच्या गाडीतून येणार होते. अशा वेळी आमच्याकडे झाडांना चुना लावतात, खडी विंचरून तिला भांग पाडतात आणि ज्यांना वर्षभर तेल मिळालेलं नसतं ती कुलुपंही चकचकीत करतात. साहेब आले, आणि तळेकोंडच्या कटिंगवर हा भलामोठा बॅनर. 'तळेकोंड थांबा मंजूर करून घेतल्याबद्दल जाहीर आभार', आणि हात जोडलेले पुढारी, मावतील तेवढे.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा थांबा कोणी मंजूर केला?"

"कोणीच नाही, साहेब. तिथे वेगमर्यादा आहे."

"मग हे आभार कशाचे?"

"उतार ओघळल्याचे, साहेब."

साहेब हसले नाहीत. आमच्या खात्यात हुद्दा वाढला की हसण्याचे स्नायू आखडतात, रुळासारखा त्यांचा हिशेब कोणी आधी करून ठेवत नाही. त्यांनी दोन हुकूम दिले. उताराला भिंत बांधा, आणि येत्या गणपतीच्या आधी वेगमर्यादा उठवा. "या सेक्शनवर मला एकही पिवळा बोर्ड दिसता कामा नये," ते म्हणाले.

भिंत चांगली झाली. जाळीत दगड भरून रचलेली, पाणी सोडणारी, मागचं गटार साफ करून पुन्हा बांधलेलं. कंत्राटदाराकडे वाडीचं शिष्टमंडळ गेलं होतं, भिंतीतच पायऱ्या काढून द्याल का विचारायला. जुन्या पायऱ्या भिंतीच्या कडेने तशाच राहिल्या होत्या. त्या तोडायला माझी गँग, म्हणजे रुळावरची कामगार टोळी, गेली की वाडीतल्या बाया पायऱ्यांवर येऊन बसायच्या आणि चहा पाजून गँगला परत पाठवायच्या. गँगमधली निम्मी पोरं त्यांचे भाचे नाहीतर जावई. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

उतार पक्का झाला. आता वेगमर्यादा ठेवायला मला कारण उरलं नाही. आणि इथेच खरी अडचण सुरू झाली. मुंबईत बसलेल्या तळेकोंडकरांची चिपळूणपर्यंतची तिकिटं केव्हाच काढून झाली होती. ते सवयीने वळणाच्या आधी सामान घेऊन दारात येणार, आणि गाडी हळू होणारच नाही. एखादा तर उडी मारेलच. तळेकोंडच्या माणसाला आपलं घर समोरून जाताना बघवत नाही, हे मी इतक्या वर्षांत ओळखून होतो.

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, गणपती होईपर्यंत मर्यादा राहू द्या.

"उतारात काही दोष आहे?"

"नाही."

"रुळात?"

"नाही."

"मग दोष कशात आहे?"

"माणसांत, साहेब."

"ते आपल्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते.

मग मी वाडीत गेलो. देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या ओट्यावर, सगळे जमले. मी हात जोडून सांगितलं, या वर्षी गाडी जोरात जाणार आहे, पोरांना फोन करा, खेडला उतरायला सांगा. लोकांनी शांतपणे ऐकलं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते. दरवर्षी मी येऊन असंच काहीतरी सांगायचो, आणि दरवर्षी गाडी हळूच जायची.

गावकर तात्या म्हणाले, "सायेब, तुमी तुमचं सांगितलंव. आता देवाला सांगताव."

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे देवासमोर मानकरी मोठ्याने मागणी मांडतो आणि जमलेले सगळे एका सुरात होकार भरतात. तात्यांचा आवाज खणखणीत. "हे देवा म्हाराजा, तुजी लेकरं मुंबयवरनं येतायत, त्यांना सुखरूप घरी आन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"गाडीचा वेग दरसालपरमानं हळूच ऱ्हाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात एक आवाज माझाही होता. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, तोंडातून कधी निघालं ते कळलंही नाही. पाष्टेने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून हसू दाबलं. देवासमोर शब्द दिल्यावर मला झोप लागणं अशक्य होतं. सरकारी नोकराने दोन मालक करू नयेत हे खरं, पण ते झाले होते.

मला उपाय सापडला तो खडीत. इतकी वर्षं उतारावरचा गाळ रुळाखाली येत होता, त्यामुळे तिथली खडी मातकट झाली होती हे सत्य होतं. ती उपसून, चाळून पुन्हा घालायला हवी हेही सत्य. दिवाळीनंतर केली असती तरी चाललं असतं, पण ते कोणी विचारलं नाही. मी गणपतीच्या तोंडावर काम काढलं. खडी उपसली की रूळ मोकळा होतो, आणि ती पुन्हा घट्ट बसते ती वरून जाणाऱ्या गाड्यांच्याच वजनाने. म्हणून आधी अगदी हळू, मग जरा जोरात, मग पूर्ण वेगाने, असं टप्प्याटप्प्याने जायचं असतं. हा नियम आहे आणि त्यापुढे साहेबही गप्प बसतात. ते गप्प बसले, पण त्या वर्षीच्या माझ्या कामाबद्दल त्यांचं मत काय झालं ते मला पुढे बदलीच्या वेळी कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आपण केलेलं एखादं काम ज्याला पटतं असा जगात एकच माणूस असतो, कधीकधी तो आपणच असतो.

गणपतीची गाडी आली, बैलगाडीच्या चालीने. मी आणि सगळी गँग पायऱ्यांपाशी उभे होतो. उतरेल त्याचा हात धरायचा, त्याला रुळापासून लांब ओढायचं आणि तोंडावर सांगायचं की ही शेवटची वेळ. माणसं उतरत होती, "काय सायेब, बरं हाय ना?" विचारत होती आणि वर जात होती.

पाष्टेचा मुलगा सुनील आधी उतरला. मागून त्याची नवी बायको, रेश्मा. तिची पहिलीच गौर, सासरी ओवसा भरायचा, म्हणजे गौरीपुढे सुपांतून वाण ठेवायचं, म्हणून माहेरहून दिलेली हळद लावलेली सुपं तिने छातीशी धरलेली. पोरगी मुंबईत वाढलेली, चालत्या गाडीतून घरी जायची रीत तिला कोणी शिकवली नव्हती. ती गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून उतरली. पायाखालची खडी सरकली. खडी आम्हीच नवीन टाकलेली, सैल.

पाष्टेने झेंडा टाकला आणि तिचा दंड धरला. मी त्याची कंबर धरली. आम्ही तिघं मागे आपटलो. सुपं तिच्या हातून निसटून रुळावर गेली.

सूप म्हणजे बांबूची विणलेली हलकी वस्तू. त्याचा आवाजसुद्धा आला नाही. डबा हळूच पुढे गेला, मग त्याच्या मागचा. गाडी अगदी सावकाश चालली होती. चाकं जे करतात ते सावकाशही करतात. सगळी वाडी वरून बघत होती. गाडी गेल्यावर रुळावर बांबूच्या चोयट्या आणि हळदीचा पिवळा डाग एवढंच होतं.

रेश्मा रडली नाही. पाष्टे रडला. भर लाइनीवर, अंगात रेल्वेची कापडं असताना, त्याने सुनेचे दोन्ही हात तपासले आणि लहान मुलासारखा रडला. मला म्हणाला, "सायेब, मीच वाट दावली वो. मी कुनाला कंदी अडवला नाय." व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत मीही होतो.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी पाष्टेचा निरोप आला म्हणून मी गेलो. गावकर तात्या स्वतः पहार घेऊन पायऱ्या उकरत होते. बाकीचे घमेल्यांनी माती वर नेत होते. बाया ज्या पायऱ्यांवर बसून माझ्या गँगला चहा पाजायच्या, त्याच पायऱ्या त्या फावड्याने सपाट करत होत्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मीही मदत करू का असं विचारलं नाही. त्यांच्या हातांनी केलेली वाट त्यांच्याच हातांनी बुजत होती, तिथे माझं काय काम.

पुढे मर्यादा उठली, पिवळा बोर्ड निघाला, साहेबांचं समाधान झालं. तळेकोंडला खरा थांबा द्यावा असं मी जाताजाता दोनदा वर सुचवलं. रुळाला वळण, डोक्यावर उतार, प्लॅटफॉर्मला जागा नाही, ही कारणं आली आणि ती खरी होती. ती खरी होती याचंच मला अजून वाईट वाटतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा गणपतीच्या आधी मुंबईहून त्याच गाडीने येत होतो. खेड गेलं. डब्यातले काही लोक उठून दारापाशी गेले. मीही उठलो. दारात सुनील पाष्टे उभा.

"काय रे, खेडला उतरला का नाहीस?"

"चिपळूनला उतरनार काका. मंग एसटीनं मागं यनार."

"उलटा वळसा घेऊन? वेळ किती जाईल?"

"बायको सकालच्या गाडीनं आलीय, ती खेडलाच उतरली. ती शानी हाय." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुमाला ठाव नाय काय? गाडी जायच्या टायमाला वाडी वर उभी ऱ्हाती. आई पन."

"अरे, तासाभराने घरीच भेटणार ना आई?"

"घरी गेलो की ती चुलीपाशी असती, कामात. हात पुसत बायर यती. हितं ती नुसती माझ्यासाटी उभी असती, काका."

वळण आलं. गाडी पूर्ण वेगात होती, रूळ आम्ही उत्तम ठेवले होते, डब्याला साधा हादरासुद्धा नव्हता. कटिंगच्या माथ्यावर माणसांची रांग, हात वर. सुनील बाहेर झुकला आणि ओरडला. काय ओरडला ते मलाही ऐकू आलं नाही. दारात उभं राहू नका, हे जन्मभर लोकांना सांगत आलो होतो. मी मागून त्याचा पट्टा घट्ट धरून ठेवला.